लघुचित्रांतील माणसे : मलिक अंबर आणि आपण

भारतीय चित्रकलेचा इतिहास म्हणून जे काही आपल्या महाविद्यालयांतून शिकवले जाते ते बहुतांशी राजांच्या आणि राजधान्यांच्या नावांनी सांगितलेले असते. अकबरकालीन शैली, जहांगीरकालीन शैली, अहमदनगर शैली, विजापूर शैली, गोवळकोंडा शैली. विद्यार्थी ही नावे पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरून जातात. शैलीला नाव राजाचे मिळते, परंतु कुंचला धरणारा हात कुणाचा होता, कागद कुणी तयार केला, चित्राच्या कोपऱ्यात चवरी घेऊन जो उभा आहे तो कोण, हे प्रश्न अभ्यासक्रमात बसत नाहीत. मी पूर्णा येथे गेली काही वर्षे इतिहास शिकवतो. माझे वडील रेल्वेत गँगमन होते आणि आजोबा गावात वेसकरकी करीत. माझ्या घरात पुस्तक आले ते माझ्याच दप्तरातून. अशा माणसाने बादशाही चित्रांविषयी लिहावे याचे काहींना नवल वाटेल. मला स्वतःला वाटत नाही. राजदरबाराची कला ही राजदरबाराच्या वारसांनीच समजून घ्यायची आणि आपण फक्त आपल्या वेदनेवर लिहायचे, ही वाटणी मला मान्य नाही. ती जुन्या गावगाड्याचीच वाटणी आहे.

लघुचित्र म्हणजे काय ते प्रथम सांगितले पाहिजे. हे भिंतीवरचे चित्र नव्हे. पोथीच्या पानावर किंवा मुरक्का म्हणजे चित्रसंग्रहाच्या वहीत बसेल एवढ्या आकाराचे, हातात धरून जवळून पाहायचे असे हे चित्र. अजिंठ्याच्या लेण्यातील चित्रासमोर उपासक, भिक्षू, वाटसरू असे अनेकजण उभे राहू शकत होते. लघुचित्र मात्र एका वेळी एक-दोन माणसांनीच पाहावे असे बनवलेले असते. आणि कुणाच्या हातात कोणती वस्तू जाऊ शकते हा प्रश्न आपल्या समाजात कधीच साधा नव्हता. ज्यांच्या श्रमावर हे दरबार उभे होते त्यांना ही चित्रे दिसण्याचा प्रश्नच आला नाही. ती सामान्य माणसाला दिसू लागली ती संग्रहालये उघडल्यावर.

मुंबईच्या संग्रहालयाचीच गोष्ट घ्या. 1905 साली प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते कोनशिला बसली, इमारत उभी राहिली तेव्हा पहिले महायुद्ध सुरू झाले होते म्हणून तेथे लष्करी इस्पितळ चालवले गेले, आणि संग्रहालय म्हणून दारे उघडली ती 1922 साली. आज त्याचे नाव छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय असे आहे. तेथील लघुचित्रांचा मोठा भाग शेठ पुरुषोत्तम मावजी यांच्या 1915 साली घेतलेल्या संग्रहातून आणि सर रतन टाटा व सर दोराब टाटा यांच्या संग्रहांतून आलेला आहे. म्हणजे दरबारातून सरदाराकडे, सरदाराकडून व्यापाऱ्याकडे, व्यापाऱ्याकडून संग्राहकाकडे आणि तेथून तिकीट काढून आत जाणाऱ्या तुमच्या-माझ्याकडे असा या कागदांचा प्रवास आहे. या प्रवासाचा शेवटचा टप्पा आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा, आणि त्याचाच उपयोग आपण सर्वांत कमी करतो.

सहा डिसेंबरला पूर्णा, परभणी, नांदेडकडून गाड्या भरभरून माणसे चैत्यभूमीला जातात हे सर्वांना ठाऊक आहे. एका वर्षी मी दुसऱ्या दिवशी माझ्या काही विद्यार्थ्यांना या संग्रहालयात घेऊन गेलो. लघुचित्रांच्या दालनात एका सरदाराचे चित्र होते. गच्चीवर लोडाला टेकून तो बसला आहे, मागे एक हुजऱ्या चवरी ढाळतो आहे. खालच्या पाटीवर सरदाराचा उल्लेख, शैली, शतक. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षातली एक मुलगी बराच वेळ तेथे उभी होती. मला म्हणाली, "सर, ह्या मागच्याचं नाव कुठं लिहिलंय?" तिच्याबरोबरच्या मुलाने तिला हसून उत्तर दिले, "चवरीवाल्याचं नाव कशाला लिहितील?" मी तेव्हा दोघांनाही फार काही सांगितले नाही. परंतु त्या प्रश्नाने मला जे वाचायला लावले ते येथे मांडतो आहे.

प्रथम हे चित्र तयार कसे होते ते पाहू, कारण नाव नसलेली माणसे तेथूनच सुरू होतात. कागद लागतो. आपल्या मराठवाड्यात दौलताबाद आणि खुलताबाद यांच्यामध्ये कागजीपुरा नावाचे गाव आहे. हातकागद करणाऱ्यांचे ते गाव. चिंध्या आणि ताग-अंबाडीसारखा चोथा कुजवायचा, कुटायचा, त्याचा लगदा पाण्यात कालवून चौकटीवर उचलायचा, वाळवायचा. असे कागदाचे थर एकमेकांवर चिकटवून जाड पान करायचे, त्याला वसली म्हणतात. मग अकीकाच्या गोट्याने ती घोटून घोटून गुळगुळीत करायची. आराखडा एका चित्रावरून दुसऱ्यावर उतरवायचा असेल तर चर्बा वापरीत, आणि चर्बा म्हणजे हरणाचे पारदर्शक केलेले पातळ कातडे. कुंचला खारीच्या शेपटीच्या केसांचा. रंग खनिजांचे, वनस्पतींचे, काजळीचे. ते खलून डिंकात कालवलेले. आणि ही पाने एकत्र बांधून पोथी झाली की तिच्यावर चढणारी बांधणी पुन्हा कातड्याची. मेलेल्या जनावराचे कातडे सोलणारा आणि कमावणारा या देशात कोण होता, हे या त्रैमासिकाच्या वाचकांना मी सांगायला नको. ज्याने स्पर्श केला तर पाणी बाटत होते, त्याने कमावलेले कातडे बादशहाच्या मांडीवरच्या पोथीला चालत होते. काचेच्या पेटीतील पोथीची बांधणी पाहताना मला दरवेळी हे आठवते, आणि पाटीवर त्याचा उल्लेख शोधण्याची खोड अजून गेलेली नाही.

आता चित्रकारांकडे येऊ. मोगल दरबारातील चित्रे ही एकट्या कलावंताच्या एकांतातील निर्मिती नव्हती. तो कारखाना होता आणि त्याला कारखानाच म्हणत. एकजण रेखाटन करी, त्याला तर्ह म्हणत. दुसरा रंग भरी, त्याला अमल म्हणत. तिसरा कधी फक्त चेहरे काढी. समासात कारकून बारीक अक्षरांत नोंद करून ठेवी की तर्ह अमक्याची, अमल तमक्याचा. ही नोंद कलावंताच्या गौरवासाठी नव्हती. पगाराच्या आणि बक्षिसाच्या हिशेबासाठी होती. पण हिशेबासाठी का होईना, नाव लिहिले गेले, आणि म्हणून आज ते आपल्याला वाचता येते.

अकबराचा चरित्रकार अबुल फजल याने आईन-इ-अकबरीत दरबारातील 17 नामवंत चित्रकारांची यादी दिली आहे. पहिले दोघे इराणकडून आलेले उस्ताद, मीर सय्यद अली आणि ख्वाजा अब्दुस्समद. आणि लगेच तिसरे नाव आहे दसवंत याचे. हा दसवंत कहाराचा मुलगा होता असे अबुल फजल स्पष्ट सांगतो. कहार म्हणजे पालखी वाहणारा, आपल्याकडचा भोई. या पोराला चित्राचे एवढे वेड की तो भिंतींवर चित्रे काढीत हिंडे. बादशहाची नजर त्याच्यावर गेली, त्याने त्याला अब्दुस्समदच्या हाताखाली दिले, आणि थोड्याच काळात हा भोयाचा मुलगा दरबारातील सर्वांच्या पुढे गेला. महाभारताचा फारसी अनुवाद अकबराने करवून घेतला, त्याचे नाव रज्मनामा. त्याची बादशाही प्रत जयपूरच्या राजघराण्याकडे गेली. तिच्यातील अनेक चित्रांची तर्ह दसवंतची आहे. ज्या ग्रंथात एकलव्याचा अंगठा कापून घेतला जातो त्या ग्रंथाची चित्रे पालखीवाल्याच्या मुलाने काढली, ही गोष्ट आमच्या पाठ्यपुस्तकांत एका ओळीनेही येत नाही.

दसवंतला वेडाने घेरले आणि 1584 साली त्याने आत्महत्या केली. त्याच्या मनात काय चालले होते हे कुणी लिहून ठेवलेले नाही. काही कलासमीक्षक त्याच्या चित्रांतील राक्षसी आकृतींवरून त्याच्या वेडाची चर्चा करतात. मला हे फारसे पटत नाही. रज्मनाम्यात राक्षस आहेत म्हणून त्याने राक्षस काढले. ते काढायला त्याला पगार होता. मात्र खालून एकदम वर नेऊन बसवलेल्या एकट्या माणसावर काय ताण पडतो याची कल्पना आपल्यापैकी पहिल्या पिढीत शिकलेल्या प्रत्येकाला असते, एवढे म्हणून मी थांबतो.

तो अगदी एकटाही नव्हता. अकबरकालीन चित्रांखालच्या नोंदींत केसू कहार, इब्राहीम कहार अशीही नावे येतात. म्हणजे भोयांच्या पोरांना त्या कारखान्यात वाट होती. येथे आपण भाबडेपणाने नाचू नये. कहार हा पालखी उचलतो आणि पाणीही भरतो. म्हणजे त्याच्या हातचे पाणी चालते. तो गरीब होता, हलक्या कामाचा होता, पण गावकुसाबाहेरचा नव्हता. शिडीची खालची पायरी त्याला मिळाली होती, आणि ज्याला पायरी आहे तो कधीतरी चढू शकतो. ही गोष्ट मनात ठेवून आता आपण दख्खनकडे वळू.

अहमदनगरची निजामशाही ही आम्हा परभणीकरांना परकी नाही. फेरिश्त्याने दिलेल्या हकिगतीप्रमाणे या घराण्याचा मूळपुरुष पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्ण्यांच्या घरातला. तो बहामनी सैन्याच्या हाती कैदी म्हणून सापडला, मुसलमान झाला, मलिक हसन या नावाने मोठ्या पदाला चढला, आणि त्याच्या मुलाने निजामशाही स्थापन केली. पुढे या सुलतानांनी पाथरी वऱ्हाडच्या इमादशाहीकडून मिळवली तीही या जुन्या नात्यापायी. पाथरी आजही आमच्या जिल्ह्याचा एक तालुका आहे.

या निजामशाहीचा एक चित्रमय ग्रंथ पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. तारीफ-इ-हुसेनशाही असे त्याचे नाव, आफताबी नावाच्या कवीचे ते फारसी काव्य. हुसेन निजामशहाने इतर सुलतानांबरोबर 1565 साली विजयनगरचा पराभव केला, त्याची ही स्तुती. दख्खनी लघुचित्रांच्या आरंभीच्या नमुन्यांत हा ग्रंथ गणला जातो. 1987 साली मंडळानेच तो संपादून छापला. त्यातील 12 चित्रे शिल्लक आहेत, आणि त्यांतील अनेक चित्रांत राजाच्या शेजारची जागा खरवडून पुसलेली आहे. तेथे राणी खुंझा हुमायूं बसलेली होती. हुसेनशहा वारल्यावर तिने मुलाच्या नावाने राज्य चालवले आणि हा ग्रंथ तिच्याच कारकिर्दीत तयार होत होता. 1569 साली मुलाने, मुर्तजाने, तिला कैद केले. त्यानंतर तिच्या आकृत्या पुसल्या गेल्या असे अभ्यासक मानतात. एका चित्रात मात्र ती राहिली आहे. स्त्रीच्या स्पर्शाने झाड फुलते या जुन्या भारतीय कल्पनेचे ते चित्र. झाडाला फुलवणारी सुंदरी म्हणून ती चालली. तख्तावर बसलेली राज्यकर्ती म्हणून ती चालली नाही. आम्हाला पुसण्याची रीत चांगली ठाऊक असल्यामुळे ही रिकामी जागा आम्हाला लवकर वाचता येते.

याच निजामशाहीत मुर्तजाचा पेशवा होता चंगीजखान. तो स्वतः हबशी आणि पूर्वीचा गुलाम. त्याने 1570 नंतरच्या वर्षांत एक तरुण हबशी विकत घेतला. हा तरुण इथिओपियात 1548 च्या सुमारास जन्मला होता. त्याचे मूळ नाव चापू. लहानपणीच तो विकला गेला, हात बदलत बगदादला पोचला, तेथे मीर कासीम नावाच्या धन्याने त्याला शिकवले आणि अंबर हे नाव दिले. अंबर म्हणजे एक मौल्यवान सुगंधी द्रव्य. गुलामांना अंबर, काफूर, याकूत अशी सुगंधांची नि रत्नांची नावे देण्याची रीत होती. विकत घेतलेल्या मालाला मालक गोड नाव देतो. आमच्या आज्या-पणज्यांना मालक नव्हता, सारा गाव होता, आणि आमच्या घरांतली नावे कचरू, धोंडू, दगडू अशी होती.

चंगीजखान वारल्यावर अंबर स्वतंत्र झाला. काही काळ विजापूरकरांकडे चाकरी करून तो परतला. 1600 साली अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला, निजामशाही संपली असे सर्वांना वाटले, तेव्हा या माणसाने परांड्याला नवा सुलतान गादीवर बसवला आणि पुढची 26 वर्षे मोगलांना दख्खनेत सुखाने झोपू दिले नाही. गनिमी काव्याची लढाई मराठी घोडदळाच्या बळावर त्याने चालवली. शहाजीराजे 1624 च्या भातवडीच्या लढाईत त्याच्या बाजूने लढले. 1610 साली त्याने खडकी हे शहर वसवले आणि तेथे नहर-इ-अंबरी हे पाण्याचे जाळे बांधले. खडकीचे पुढे औरंगाबाद झाले, आणि 2023 पासून त्या शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर आहे. नाव तीनदा बदलले, पण वसवणाऱ्याचे नाव एकदाही त्या शहराला मिळाले नाही.

या मलिक अंबरची चित्रे आहेत, आणि येथेच माझ्या विषयाचा गाभा आहे. एक चित्र डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. अबुल हसन या जहांगीरच्या अत्यंत लाडक्या चित्रकाराने ते 1616 च्या सुमारास काढले. जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे. गोल बैलाच्या पाठीवर, बैल माशाच्या पाठीवर. बादशहाने धनुष्य ताणले आहे, आणि समोर भाल्याच्या टोकाला मलिक अंबरचे तोडलेले मुंडके टांगले आहे. मुंडक्यावर घुबड बसले आहे, दुसरे घुबड मरून खाली पडते आहे. काळा माणूस, रात्र, घुबड, अपशकुन असा सारा जोड चित्रकाराने जुळवून दिला आहे. आणि याच चित्रात न्यायाचा तराजूही लटकतो आहे! 1616 च्या आरंभी मोगलांनी अंबरचा जालन्याजवळ रोषणगावला पराभव केला होता आणि खडकी जाळली होती, तो आनंद या चित्रामागे असावा. परंतु अंबरचे मुंडके जहांगीरला कधीच मिळाले नाही. दोघांची समोरासमोर गाठही पडली नाही. अंबर त्यानंतर दहा वर्षे लढला, 1626 साली ऐंशीच्या घरात पोचून वारला आणि खुलताबादला आपल्या कबरीत गेला. जहांगीर आपल्या आत्मचरित्रात त्याचे नाव घेताना त्याच्या रंगावरून आणि काळ्या नशिबावरून शिव्या दिल्याशिवाय पुढे जात नाही. जे तलवारीने साधले नाही ते बादशहाने कुंचल्याकडून करवून घेतले.

दुसरे चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. तेही जहांगीरच्याच दरबारातले, साधारण 1620 नंतरचे, हाशिम नावाच्या चित्रकाराचे. दख्खनी सरदारांचे चेहरे काढण्यात हाशिमचा हातखंडा होता. येथे घुबड नाही, भाला नाही, पृथ्वीचा गोल नाही. एक वयस्क, भरदार बांध्याचा माणूस पांढऱ्या साध्या जाम्यात उभा आहे. चेहरा एका बाजूने दिसतो. कातडीचा काळा रंग चित्रकाराने चोरलेला नाही आणि भडकही केलेला नाही. नाक, ओठ, जबडा जसे असतील तसे. बोस्टनच्या संग्रहालयात दख्खनी चित्रकाराने काढलेले असेच एक चित्र आहे, तसाच पांढरा जामा, तसाच करारी चेहरा. 1617 साली पीटर व्हान डेन ब्रुके नावाच्या डच व्यापाऱ्याने त्याला छावणीत प्रत्यक्ष पाहिले; उंच, बळकट आणि कठोर मुद्रेचा असे त्याने केलेले वर्णन या चित्रांशी जुळते. आपल्याकडे बाबासाहेबांचे कॅलेंडरवरचे चित्रसुद्धा गोरे करून छापणारे छापखाने आहेत. त्यांच्या मालकांनी हाशिमचे हे चित्र एकदा पाहावे.

आता प्रश्न असा की एकाच बादशहाच्या चाकरीतील दोन चित्रकारांनी एकाच माणसाची अशी दोन चित्रे का काढली? अबुल हसनला हुकूम होता, बादशहाच्या मनातले काढ. हाशिमला काम होते, माणूस दाखव. जहांगीर मोठ्या तोऱ्यात लिहितो की चित्र पाहून ते कुणाचे आहे हे मी ओळखतो, एका चेहऱ्यात डोळे एकाचे आणि भुवया दुसऱ्याच्या असल्या तरी ओळखतो. हात ओळखण्याची एवढी पारख असलेल्या माणसाला समोरचा शत्रू मात्र ओळखता आला नाही. त्याच्या पगारी नोकराला आला. मोगलांचाच इतिहासकार मुतमदखान याने अंबरच्या मृत्यूची नोंद करताना युद्धात आणि कारभारात त्याला तोड नव्हती अशी कबुली दिली आहे. धन्याची लेखणी शिव्या देत होती तेव्हा नोकरांचा कुंचला आणि नोकरांची लेखणी अधिक खरे बोलत होती. दरबारी कला म्हणून हे सर्व एकाच टोपलीत टाकणाऱ्या आपल्या काही मित्रांशी माझा वाद आहे तो येथे. राजाश्रयाखालचा प्रत्येक हात राजाचा नसतो.

आणि तरीही या चित्रासमोर मला एक गोष्ट टोचत राहते. बाबासाहेबांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना केली आहे. ते लेखन महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात 1989 साली प्रसिद्ध झाले. त्यांच्या प्रतिपादनाचा आशय असा की गुलाम ही मालकाची मालमत्ता, म्हणून त्याला खाऊ घालणे, जगवणे, प्रसंगी शिकवणे यात मालकाचा स्वार्थ असतो. प्राचीन रोममध्ये गुलाम शिक्षक होते, वैद्य होते, कलावंत होते. गुलाम मुक्त होऊ शकतो. अस्पृश्य हा कुणाचीच मालमत्ता नाही, म्हणून त्याची जबाबदारीही कुणावर नाही. त्याच्यावर खर्च करावा असे कुणालाच वाटत नाही, आणि त्याला मुक्त करणारा कायदेशीर मालकही नाही. बाबासाहेबांनी उदाहरणे रोमची दिली. आमच्या मराठवाड्याच्या मातीतले उदाहरण मलिक अंबर आहे. हजारो मैलांवरून विकत आणलेला, परभाषी, परधर्मीय देशात येऊन पडलेला गुलाम शिकतो, सेनापती होतो, सुलतान बसवतो, आपली मुलगी सुलतानाला देतो, शहर वसवतो. त्याच काळात, त्याच राज्यात, गोदावरीच्या काठच्या गावात गावाची शीव तोंडपाठ असलेला, सारा वसुलीच्या वेळी प्रत्येक शेतकऱ्याला बोलावून आणणारा, सरकारी खजिना एका गावाहून दुसऱ्या गावाला पोचवणारा महार वेशीबाहेर उभा होता. बेदरच्या बादशहाने आपल्याला बावन्न हक्कांची सनद दिली अशी गोष्ट आमच्या म्हाताऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितली. गोष्ट सांगून त्यांनी आपला मान जपला. पण ते हक्क कसले होते? मेलेल्या जनावराच्या कातड्याचे आणि उरल्यासुरल्या धान्याचे. मोगलांशी लढायला अंबरला हबशी चालला, मराठा चालला, पठाण चालला. हबशाला पोचता आले तेथे महाराला पोचण्याची वाट नव्हती.

म्हणून मलिक अंबरला आपला पूर्वज ठरवून त्याच्या जयंत्या सुरू करण्याची घाई कुणी करू नये असे मला वाटते. त्याच्या फौजेत त्याने स्वतः विकत घेतलेले हबशी होते. त्याची जमीनमहसुलाची पद्धत नामांकित आहे. जमिनीची प्रत पाहून आकार ठरवणे, इजाऱ्याची म्हणजे वसुलीच्या मक्त्याची पद्धत बंद करणे या त्याच्या सुधारणांचे जुन्या इंग्रज लेखकांनी आणि गॅझेटियरांनी कौतुक केले आहे, आणि पुढच्या मराठी कारभाराने त्यातून पुष्कळ घेतले. शेतकऱ्याला त्याचा काही दिलासा मिळाला असेल. परंतु ती सारी व्यवस्था गावगाडा गृहीत धरूनच उभी होती. पाटील जागेवर, कुलकर्णी जागेवर, महार जागेवर. गुलामीतून वर आलेल्या माणसाने गावकुसाला हात लावला नाही. ते त्याला दिसले तरी होते की नाही कोण जाणे.

मग लघुचित्रांत अस्पृश्याला जागा मिळालीच नाही का? एका चित्रात मिळाली आहे. तेही लंडनच्या त्याच संग्रहालयात आहे, सतराव्या शतकाच्या मध्यावरचे, शहाजहानच्या काळातले. वर सुफींची समा चालली आहे, नाचता नाचता दरवेशांचे भान हरपले आहे. खाली एका ओळीत हिंदुस्थानातले संत बसलेले आहेत, आणि चित्रकाराने किंवा कारकुनाने फारसी अक्षरांत त्यांची नावे लिहिली आहेत. त्यात विणकर कबीर आहे, न्हावी सेना आहे, राजेपण सोडलेला पीपा आहे, गोरख आणि मच्छिंदर आहेत. त्यात रविदास आहे. चांभाराचा रविदास, नावानिशी, राजा पीपाच्या ओळीत, एकाच जमिनीवर. आणि त्याच ओळीत आपला नामदेव आहे, आमच्या नरसीचा शिंपी. नरसी पूर्वी परभणी जिल्ह्यातच होती, 1999 साली हिंगोली जिल्हा झाला तेव्हा तिकडे गेली. नामदेवाची कीर्ती पंजाबपर्यंत पोचली होती, तशी ती मोगल चित्रकाराच्या कागदापर्यंतही पोचली.

रविदासाला ही जागा मिळाली ती संत म्हणून. चवरीवाल्याप्रमाणे तो राजाच्या मागे उभा नाही, पण जोडे शिवणारा माणूस म्हणूनही तो तेथे बसलेला नाही. भक्तीच्या वाटेने आत यायला मुभा होती, आणि ती मुभाही सर्वांना सारखी नव्हती. चोखोबा हा नामदेवाच्या सोबतीचा. मंगळवेढ्याच्या वेशीची भिंत बांधताना ती कोसळून तो गाडला गेला, आणि त्याच्या अस्थी नामदेवाने शोधून पंढरपूरच्या महाद्वारापाशी आणून ठेवल्या असे वारकरी परंपरा सांगते. लंडनच्या चित्रातील संतांच्या ओळीत नामदेव आहे, चोखोबा नाही.

यंदाच्या हिवाळ्यात आमच्या इतिहास विभागाची सहल वेरूळला जायची आहे. वेरूळला जाऊन परत येणाऱ्या सहली दरवर्षी निघतात. यंदा आम्ही वाटेत कागजीपुऱ्याला थांबू, हातकागद कसा होतो ते मुलांना दाखवू, आणि तेथून खुलताबादला मलिक अंबरच्या कबरीवर जाऊ. हाशिमच्या चित्राची छापील प्रत मी बरोबर घेणार आहे. वर्गात तीन मुले अशी आहेत की त्यांच्या घरात याआधी कुणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही. सहलीचे टिपण लिहिण्याचे काम त्यांच्याकडे दिले आहे.